मुंबई ते लंडन हीथ्रो: हवाई अंतर, प्रवासाचा वेळ आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलगा किंवा मुलगी लंडनला आणि आई-बाबा इकडे, अशी घरं आता गावोगाव आहेत. तिकीट काढायची वेळ आली की तेच प्रश्न पुन्हा पुन्हा निघतात. किती लांब आहे, किती तास लागतात, तिकिटावरची वेळ इथली की तिथली, गाडी कधी बोलवायची. त्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. विमानप्रवासाची सवय असणाऱ्यांना काही उत्तरं बाळबोध वाटतील. पण घरातलं कुणी पहिल्यांदाच एकटं निघालं असेल तर नेमकी हीच माहिती लागते.

मुंबई ते लंडन हवाई अंतर किती आहे?

साधारण ७,२०० किलोमीटर. मैलांत ४,४८० आणि वैमानिक वापरतात त्या नॉटिकल मैलांत सुमारे ३,८९०. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. नुसतं ‘मैल’ लिहिलेलं दिसलं तर त्यातला कोणता, ते आधी बघा.

हे अंतर छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ ते हीथ्रो असं धरलेलं आहे. लंडनला गॅटविक, स्टॅनस्टेड, ल्यूटन असे आणखीही विमानतळ आहेत. अंतरात त्यांनी फारसा फरक पडत नाही, पण न्यायला येणारा माणूस भलत्याच विमानतळावर जाऊन उभा राहू शकतो.

प्रत्येक संकेतस्थळावर थोडा वेगळा आकडा का दिसतो?

पृथ्वी पूर्ण गोल धरून हिशेब केला तर एक उत्तर येतं आणि ध्रुवांपाशी ती जराशी चपटी आहे हे लक्षात घेतलं तर दुसरं. एवढ्या लांबच्या अंतरात दहा-वीस किलोमीटर इकडचे तिकडे होतात. शिवाय विमान जमिनीपासून दहा-अकरा किलोमीटर वरून जातं, तिथला वळसा जमिनीवरच्यापेक्षा किंचित मोठा असतो. त्याने साधारण बारा किलोमीटरची भर पडते. यातल्या कशानेही तुमच्या प्रवासाच्या वेळेत फरक पडत नाही, त्यामुळे ७,२०० हा आकडा धरून चाला.

जायला किती तास लागतात आणि यायला किती?

थेट विमानाने मुंबईहून लंडनला जायला साडेनऊ ते साडेदहा तास लागतात. लंडनहून मुंबईला यायला साडेआठ ते साडेनऊ. कंपनी, ऋतू आणि त्या दिवशीचा मार्ग यांप्रमाणे तिकिटावरचा आकडा थोडा पुढेमागे होतो. जाताना तासभर जास्त लागणार हे मात्र जवळजवळ नक्की समजा.

येताना वेळ कमी का लागतो? पृथ्वी फिरते म्हणून का?

पृथ्वी फिरते म्हणून नाही. हवाही पृथ्वीबरोबरच फिरते आणि विमान त्या हवेतच असतं. खरं कारण आहे वारा. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे जोरदार पट्टे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. त्यांचा वेग ताशी शंभर ते दोनशे किलोमीटर सहज असतो, कधीकधी तीनशेच्याही पुढे जातो. लंडनहून येताना हा वारा पाठीमागून ढकलतो, जाताना तोंडावर येतो.

समोरच्या सीटच्या पाठीला स्क्रीन असते. त्यावर नकाशा लावा आणि जमिनीवरचा वेग बघत राहा. लंडनकडे जाताना तो बराच वेळ ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास दिसतो. परत येताना तेच विमान, इंजिनंही तीच, आणि आकडा हजाराच्या पुढे गेलेला असतो. हवेच्या तुलनेत विमानाचा वेग दोन्ही वेळा सारखाच, सुमारे ९०० असतो. बाकीचा फरक वाऱ्याने केलेला. हिवाळ्यात विषुववृत्ताकडची हवा आणि ध्रुवाकडची हवा यांच्या तापमानातली तफावत वाढते, त्यामुळे हा वाराही जोर धरतो. म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत जाणं जास्त लांबतं आणि येणं जास्त लवकर उरकतं.

नकाशावर रेघ ओढली तर ती सौदी अरेबियावरून, भूमध्य समुद्राकडून जाते. सर्वांत जवळचा मार्ग तोच ना?

नाही. भिंतीवरचा नकाशा गोल पृथ्वी सपाट करून काढलेला असतो, त्यात उत्तरेकडचा भाग ताणला जातो. घरात पृथ्वीचा गोल असेल तर मुंबईवर दोऱ्याचं एक टोक धरा, दुसरं लंडनवर, आणि दोरा ताणा. दोरा मुंबईतून सरळ वायव्येला निघतो. सौराष्ट्र-कच्छच्या बाजूने सिंध-बलुचिस्तान, मग पूर्व इराण, कॅस्पियन समुद्राचा दक्षिण भाग आणि कॉकेशस. बरोबर मध्यबिंदू येतो जॉर्जिया आणि आर्मेनियाच्या सीमेजवळ, तिबिलिसी शहराच्या जरा दक्षिणेला. पुढे काळा समुद्र, युक्रेन, पोलंडकडचा भाग, जर्मनी आणि लंडन. दोरा नसेल तर मुलांच्या वहीतली कागदाची पट्टी कापून वापरा, तेच दिसेल. नातवंडांना भूगोल शिकवायला याहून चांगली गोष्ट मला माहीत नाही.

याच कारणाने आणखी एक गोष्ट लोकांना पटत नाही. मुंबई दिल्लीपेक्षा पश्चिमेला आहे, तरी लंडन दिल्लीलाच जवळ आहे. दिल्ली-लंडन सुमारे ६,७०० किलोमीटर, म्हणजे मुंबईपेक्षा पाचशेने कमी. मार्ग उत्तरेच्या अंगाने जातो आणि दिल्ली आधीच बरीच उत्तरेला आहे.

मग विमान खरंच त्या दोऱ्याच्या मार्गाने जातं का?

सध्या नाही. पूर्वीही तंतोतंत कधी जात नव्हतंच. आकाशात सीमा आखलेल्या असतात, आणि कोणता देश कोणाला येऊ देतो त्यावर वाट ठरते.

युक्रेनचं आकाश २४ फेब्रुवारी २०२२ ला युद्ध सुरू झालं त्या दिवशी नागरी विमानांसाठी बंद झालं. पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपलं आकाश बंद केलं आणि पुढे ती मुदत महिन्या-महिन्याने वाढवत नेली. २०१९ मध्येही बालाकोटनंतर २७ फेब्रुवारीपासून १६ जुलैपर्यंत असंच घडलं होतं. अशा वेळी विमान मुंबईहून आधी अरबी समुद्रावर पश्चिमेला जातं, ओमान आणि आखाताच्या बाजूने वर चढतं, तुर्कस्तान ओलांडतं आणि बल्गेरिया-रुमेनियावरून युरोपात शिरतं. प्रत्यक्ष कापलेलं अंतर मग साडेसात हजारांच्या आसपास किंवा त्याहून जास्त होतं.

यात मुंबईकरांचं नशीब दिल्लीकरांपेक्षा बरं आहे. दिल्लीच्या विमानाला पाकिस्तान टाळायचं तर आधी खाली गुजरातकडे उतरावं लागतं. मुंबईच्या दारातच समुद्र आहे, त्यामुळे वळसा कमी बसतो.

पश्चिम आशियात तणाव वाढला की हीच वाट अडते. १३ जून २०२५ ला इस्रायलने इराणवर हल्ले केले, इराण-इराकचं आकाश बंद झालं, आणि त्या पहाटे मुंबईहून लंडनला निघालेलं विमान अर्ध्या वाटेतून मुंबईला परत आणावं लागलं. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी कंपनीचा मेसेज आणि ॲप दोन्ही बघा. शेजाऱ्याने मागच्या वर्षी नऊ तासांत गाठलं होतं, हा हिशेब या वर्षी लागू पडेलच असं नाही.

७,२०० भागिले ९०० म्हणजे आठच तास होतात. दहा तास कुठून आले?

भागाकार बरोबर आहे, पण तो आदर्श मार्गाचा, वारा शून्य धरून केलेला. वळशामुळे अंतर ७,६०० झालं आणि समोरच्या वाऱ्यामुळे वेग ८२० वर आला, तर हवेतलेच सव्वानऊ तास झाले.

त्यापुढची गोष्ट अशी की तिकिटावरचा वेळ धावपट्टी ते धावपट्टी नसतो, तो गेट ते गेट असतो. मुंबईत विमान गेटपासून मागे ढकललं जातं तिथपासून घड्याळ सुरू होतं. मुंबईला धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणून प्रत्यक्षात एका वेळी एकीवरच काम चालतं आणि उड्डाणासाठी रांग लागते. हीथ्रोला दोन समांतर धावपट्ट्या आहेत. सहसा एक उतरण्यासाठी आणि एक उड्डाणासाठी वापरतात. तिथे गर्दी एवढी की लंडनच्या चार बाजूंना ठरलेल्या जागी विमानं घिरट्या घालत थांबतात. खिडकीतून तेच गाव, तोच तलाव पुन्हा दिसला तर काळजी करू नका, तुमचा नंबर यायचा आहे एवढंच. पाच-दहा मिनिटं तर रोजचीच आहेत. हा सगळा वेळ कंपन्या वेळापत्रकात आधीच धरून ठेवतात, म्हणून काही वेळा विमान ‘वीस मिनिटं लवकर’ पोचल्याची घोषणा होते.

तिकिटावर निघायची वेळ पहाटे २:०० आणि पोचायची ६:३०. म्हणजे साडेचारच तास?

तिकिटावर प्रत्येक वेळ त्या-त्या गावची लिहिलेली असते. २:०० ही मुंबईची, ६:३० ही लंडनची. लंडनचं घड्याळ हिवाळ्यात आपल्या साडेपाच तास मागे असतं. साडेचारात साडेपाच मिळवा, दहा तास आले.

उन्हाळ्यात फरक साडेचार तासांचाच राहतो, कारण ब्रिटनमध्ये घड्याळ एक तास पुढे करतात. ते मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे जातं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतं. आपण घड्याळ बदलत नाही, त्यामुळे त्या आठवड्यात फोनाफोनीत हमखास घोळ होतो. तुमची तारीख या रविवारांच्या जवळपास असेल तर नेणाऱ्या-आणणाऱ्यांना वेळ सांगताना ‘लंडनच्या घड्याळाप्रमाणे’ असं स्पष्ट म्हणा.

येतानाचा हिशेब उलटा करायचा. हिवाळ्यात लंडनहून रात्री ९ ला निघालं आणि नऊ तास लागले, तर लंडनला सकाळचे ६ आणि मुंबईत साडेअकरा, दुसऱ्या दिवशीचे. तिकिटावर पोचण्याच्या वेळेपुढे बारीक अक्षरात ‘+१’ असतं ते याचसाठी.

१४ तारखेची रात्री दोनची फ्लाइट आहे. विमानतळावर कधी जायचं?

१३ तारखेला रात्री. अकरापर्यंत टर्मिनलमध्ये असलेलं बरं. या एका प्रश्नावर विमानं चुकतात म्हणून तो वेगळा घेतला आहे. मध्यरात्र उलटली की तारीख बदलते, पण आपण बोलताना ‘१४ ची रात्र’ म्हणतो आणि मनात १४ चं जेवण उरकून निघायचं ठरवतो. तोवर विमान लंडनला पोचलेलंसुद्धा असतं. घरच्या कॅलेंडरवर १३ च्या चौकोनात ‘रात्री ८ ला घरून निघणे’ असं लिहून ठेवा. १४ च्या चौकोनात काहीच लिहू नका.

मुंबईहून रात्री उशिराच्या सुटण्याला लंडनच्या बाजूनेही कारण आहे. हीथ्रोवर रात्री साडेअकरा ते सकाळी सहा या वेळेत आसपासच्या वस्तीच्या झोपेसाठी विमानांच्या संख्येवर कडक मर्यादा आहे. सकाळच्या वेळेत पोचायचं आणि पुढे दिवसभरात दुसरी विमानंही पकडता यायची, तर आपल्याकडून मध्यरात्रीनंतरच निघावं लागतं.

फोनवर विमान ‘उतरलं’ असं दाखवतंय. तासभर झाला तरी आई बाहेर का आली नाही?

‘उतरलं’ म्हणजे चाकं टेकली. त्यानंतर गेटपर्यंत दहा-पंधरा मिनिटं, दार उघडून मागच्या सीटवरची माणसं बाहेर पडेपर्यंत आणखी तेवढीच, मग लांबच लांब कॉरिडॉर. पुढे इमिग्रेशन. ब्रिटनच्या स्वयंचलित फाटकांतून भारतीय पासपोर्टवाल्यांना जाता येत नाही, अधिकाऱ्यासमोरच उभं राहावं लागतं. सकाळी आशियातली बरीच विमानं लागोपाठ उतरतात, त्यामुळे रांग मोठी असते. मग सामानाचा बेल्ट आणि कस्टम्स. उतरल्यापासून दीड तास धरा, दोन झाले तरी घाबरू नका. व्हीलचेअर मागवली असेल तर रांग वेगळी असते, पण खुर्ची यायला कधी वेळ लागतो.

एक उपाय नक्की करा. पत्ता, मुलाचा फोन नंबर आणि परतीच्या तिकिटाची प्रिंट आईच्या पर्समध्ये कागदावर असू द्या. फोनला तिथे नेटवर्क मिळेलच, यावर विसंबू नका.

मुंबईला परत आल्यावर वेळ कमी लागतो. जानेवारी २०२५ पासून मुंबईतही आधी नोंदणी केलेल्या भारतीय प्रवाशांसाठी इमिग्रेशनची ई-गेट सुरू झाली आहेत. वारंवार जाणाऱ्यांनी ती नोंदणी करून ठेवावी.

दुबईमार्गे गेलं तर अंतर खूप वाढतं का?

अजिबात नाही. मुंबई-दुबई सुमारे १,९३० आणि दुबई-लंडन सुमारे ५,५०० किलोमीटर, बेरीज ७,४३० च्या आसपास. थेट अंतरापेक्षा जेमतेम सव्वादोनशे जास्त. वाढतो तो वेळ, आणि तो जमिनीवर जातो. तीन तास थांबा असेल तर एकूण चौदा तास धरा. तिकीट स्वस्त पडतं, मधे पाय मोकळे होतात, पण पहिल्यांदा एकट्या जाणाऱ्या ज्येष्ठांना मी थेट विमानच सुचवेन. पहाटे झोपेच्या वेळी अनोळखी विमानतळावर टर्मिनल बदलत फिरणं हे पैसे वाचवण्यासारखं काम नाही.

पुण्याहून, नाशिकहून निघणाऱ्यांनी एकूण किती वेळ धरावा?

पुण्याहून मुंबई विमानतळ दीडशे किलोमीटर आहे, पण घाटात एक ट्रक बंद पडला तर हिशेब संपला. चार तास रस्त्याचे आणि वर एक राखीव. तीन तास विमानतळावर, दहा विमानात, दीड-दोन बाहेर पडायला, आणि पुढे मुलाच्या घरापर्यंत तास-दीड तास. घर ते घर वीस-एकवीस तास झाले. नाशिकचंही साधारण तसंच. कोल्हापूर-सांगलीकरांनी आदल्या दिवशी मुंबईत नातेवाइकांकडे मुक्काम करावा, हे बरं.

नवी मुंबई विमानतळामुळे अंतर बदललं का?

वीस-पंचवीस किलोमीटरने. प्रश्न अंतराचा नाहीच. ८ ऑक्टोबर २०२५ ला या विमानतळाचं उद्घाटन झालं, आणि आता ‘मुंबई’ म्हटल्यावर दोन विमानतळ येतात. जोडफ्लाइट असेल तर तिकिटावरचा तीन अक्षरी कोड वाचा. बीओएम म्हणजे जुना, एनएमआय म्हणजे नवी मुंबईचा. एकावर उतरून दुसऱ्यावरून उडायचं असेल तर मधे वाशीची खाडी आणि तिथली गर्दी आहे.

पूर्वी हा प्रवास किती वेळाचा होता?

एअर इंडियाचं पहिलं आंतरराष्ट्रीय उड्डाण हेच, मुंबई ते लंडन. ८ जून १९४८ ला ‘मलबार प्रिन्सेस’ नावाचं लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून निघालं. जे. आर. डी. टाटा स्वतः त्यात होते. पंख्याच्या इंजिनांचं ते विमान कैरो आणि जिनिव्हा इथे थांबत १० जूनला लंडनला पोचलं. १९६० मध्ये बोइंग ७०७ जेट आली आणि वेळ झपाट्याने खाली आला. त्यानंतर विमानांचा वेग जवळपास तेवढाच राहिला आहे. सुधारणा झाली ती न थांबता जाण्यात आणि इंधनात.

बाबांना मधुमेह आहे. औषधांच्या वेळा कशा धरायच्या?

पश्चिमेला जाताना दिवस साडेचार-साडेपाच तासांनी लांबतो, येताना तेवढाच आखडतो. गोळ्यांचं बहुतेकांना जमून जातं, पण इन्सुलिन घेणाऱ्यांनी निघण्याआधी तिकीट डॉक्टरांना दाखवून, कोणत्या घड्याळाने किती डोस हे लिहूनच घ्यावं. इन्सुलिन हातातल्या बॅगेतच ठेवा, चेक-इनच्या सामानात ते गोठू शकतं. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी असावी. दहा तास एका जागी बसून पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो, म्हणून दर तास-दीड तासाने उठून विमानाच्या मागच्या टोकापर्यंत एक फेरी मारावी. त्यासाठी मधल्या वाटेलगतची सीट मागून घ्या, खिडकीचा मोह सोडा.

विमानाला खूप उशीर झाला तर भरपाई मिळते का? अंतराचा त्यात काय संबंध?

थेट संबंध आहे. ब्रिटनच्या नियमात भरपाई अंतरावर ठरते, आणि ते अंतर वर सांगितलेल्या दोऱ्याच्या मार्गानेच मोजायचं असं नियमातच लिहिलं आहे. विमान प्रत्यक्षात कितीही वळसा घालो. मुंबई-लंडन हे ३,५०० किलोमीटरच्या वरच्या गटात येतं. पोचायला चार तास किंवा जास्त उशीर झाला आणि दोष कंपनीचा असेल तर माणशी ५२० पौंड, तीन ते चार तासांत निम्मे. लंडनहून निघणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या विमानाला हा नियम लागू आहे, एअर इंडियालासुद्धा. मुंबईहून निघताना मात्र कंपनी ब्रिटिश किंवा युरोपीय असेल तरच. वादळ, बंद झालेलं आकाश अशा कारणांना भरपाई नाही, पण जेवण आणि राहण्याची सोय तरीही करावी लागते.

गंमत म्हणजे ब्रिटन सोडताना तिकिटात जो प्रवासी कर धरलेला असतो, तोही अंतरावरच ठरतो. पण तिथे लंडनपासून त्या देशाच्या राजधानीपर्यंतचं अंतर धरतात. म्हणजे मुंबईला येणाऱ्याचा कर दिल्लीच्या अंतराने ठरतो.

उशिराची वेळ चाकं टेकली तिथे थांबत नाही, विमानाचं दार उघडलं ती वेळ धरतात. साडेतीन-पावणेचार तासांच्या आसपास असाल तर दार उघडताना घड्याळाचा फोटो काढून ठेवा, बोर्डिंग पास टाकू नका, आणि अर्ज थेट कंपनीच्या संकेतस्थळावर करा. इंग्लंडमध्ये असा दावा सहा वर्षांपर्यंत करता येतो, त्यामुळे दोन वर्षांपूर्वीच्या उशिराचे कागद घरात कुठे सापडले तरी ते अजून उपयोगी आहेत.